पडलेल्या विजेचा इशारा

वीज पडण्याच्या आधी इशारा द्यावा, याबद्दल तत्काळ वादळ-इशारा केंद्रात कोणाचेच दुमत नव्हते. दुमत होते ते एवढ्याच मुद्द्यावर, की इशारा देऊनही वीज पडलीच नाही, तर त्या दिलेल्या इशाऱ्याचे करायचे काय.

हा प्रश्न उपस्थित झाला एका क्रीडांगणाच्या उद्घाटनामुळे. केंद्राच्या अंदाज कक्षात बसणाऱ्या बाईंनी, ज्यांना शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे नुसते बाईच म्हणत, त्या दुपारी रडारच्या पडद्यावर ढगांचा एक गठ्ठा शहराकडे सरकताना पाहिला आणि नियमाप्रमाणे इशारा दिला. भोंगे वाजले, सर्वांच्या फोनवर संदेश गेले, मैदान रिकामे झाले आणि फीत कापायला आलेले बडे पाहुणे हातातल्या कात्रीसकट जिन्याखालच्या खोलीत नेऊन बसवले गेले. तिथे झाडू आणि बादल्या ठेवत असत. ढग मात्र नदीपर्यंत आले, तिथे जरा घुटमळले आणि विरून गेले. ढगांना तसे करण्याची मुभा असते. पाहुणे बाहेर आले तेव्हा लख्ख ऊन पडले होते आणि त्यांच्या केसांवर कोळ्याचे जाळे होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचे छायाचित्र आले, तेही जाळ्यासकट.

आकाश निरभ्र असताना पाहुण्यांना बादल्यांशेजारी बसवण्यास जबाबदार कोण, हे शोधण्यासाठी समिती नेमण्यात आली. संबंधित ढग चौकशीस उपलब्ध होऊ शकला नाही. त्यामुळे जबाबदारी बाईंवर आली.

"साहेब, चुका दोन तऱ्हेच्या असतात," बाईंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. "इशारा दिला आणि वीज पडली नाही, ही एक. आणि वीज पडली पण इशारा दिलाच नाही, ही दुसरी. पहिलीत लोक चिडतात. दुसरीत मरतात."

साहेब विचारी गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"पहिली चूक मला कळली," ते म्हणाले. "पण दुसरीत आपण इशारा दिलेलाच नाही. मग आपली चूक कुठे आली? चूक झालीच असेल तर ती विजेची."

त्या दिवसापासून केंद्रात अचूकता मोहीम सुरू झाली. दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती खरे ठरले, एवढेच मोजायचे. न दिलेले इशारे कोणी दिलेलेच नसल्यामुळे ते मोजण्याचा प्रश्न नव्हता. सुरुवातीला बाईंना एवढेच सांगण्यात आले, की ढग नदी ओलांडेपर्यंत थांबत जा. अचूकता जरा वाढली. मग सांगण्यात आले, की गडगडाट ऐकू येईपर्यंत थांबा. आणखी वाढली. तेव्हा साहेबांच्या लक्षात आले, की असेच थोडे थोडे थांबत गेलो तर एक दिवस पूर्णत्वाला पोहोचता येईल, आणि त्यांनी शेवटचा परिपत्रकी निर्णय घेतला: शहरात पहिली वीज पडल्याची खात्री झाल्याखेरीज विजेचा इशारा देऊ नये.

खात्री कोणी करायची, यावरही बारकाईने विचार झाला. वीज पडली की तिची आपोआप नोंद करणारे यंत्र केंद्राच्या गच्चीवर होते. पण यंत्रावर किती विसंबायचे? म्हणून प्रभाग कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन वीज पडल्याचे पाहून यावे असे ठरले. कर्मचारी पाऊस थांबल्यावर निघे. परत आला की इशारा जाई. जुन्या इशाऱ्यातला "वीज पडण्याची शक्यता आहे" हा मजकूर यंत्रणेतून काढून टाकण्यात आला, कारण शक्यता हा शब्द अचूकतेत बसत नव्हता. त्या जागी नवा मजकूर आला: "आपल्या भागात वीज पडली आहे. कृपया सावध राहावे."

केंद्राची अचूकता शंभर टक्के झाली. ह्याला आपल्यात वरातीमागून घोडे म्हणतात, पण वरात कुठून गेली हे घोड्याइतके खात्रीने कोणी सांगू शकत नाही, हेही खरे.

लोकांचे म्हणाल, तर लोक खूश होते. पूर्वी भोंगा वाजला की हातातले काम टाकून पळावे लागे आणि पुष्कळदा फुकट पळाल्याची चुटपुट लागे. आता संदेश आला म्हणजे वीज खरोखरच पडून गेलेली असे. लोकांनी त्याचा सोयीने उपयोग करायला सुरुवात केली. आभाळ भरून आले की मंडळी घरात बसत आणि फोनवर संदेश आला की बाहेर पडत. "आला का मेसेज? आला ना? चला, टाका कपडे वाळत," असे गच्चीगच्चीतून ऐकू येई. आभाळ आले असेल तर शाळेचे मास्तर संदेश आल्याशिवाय मुलांना मैदानात सोडत नसत. इतके उपयुक्त खाते दुसरे नाही, असे लोक म्हणू लागले. आजवर या केंद्राबद्दल कोणी काही चांगले बोलल्याचे बाईंना आठवत नव्हते, त्यामुळे त्याही अधूनमधून सुखावत. माणूसच त्या.

शंभर टक्क्यांचे बक्षीस म्हणून केंद्राला नवी इमारत मंजूर झाली. जुन्या कार्यालयाला लागूनच ती उभी राहत होती. अंदाज कक्षाच्या खिडकीतून समोर तिची उंच क्रेन दिसे, आणि क्रेनच्या टोकाशी चिमणीच्या घरट्याएवढी दिसणारी काचेची खोली. त्या खोलीत बाईंचा धाकटा भाऊ बसलेला असे.

आई गेली तेव्हा धाकटा चड्डीत होता. बाईंनीच त्याला न्हाऊमाखू घातले, शाळेत घातले, आणि शाळेत टिकत नाही म्हटल्यावर क्रेन चालवायला शिकायला घातले. लहानपणी तो कपाटावर चढून बसे आणि बाई खाली हात पसरून उभ्या राहत. आता कपाट फार उंच झाले होते. क्रेनवरून खाली यायचे तर शिडीने पाव तास लागे. सकाळी तो वर चढताना दिसला की बाई खिडकीशी येत आणि संध्याकाळी तो खाली उतरेपर्यंत अधूनमधून तिकडे बघून घेत.

नव्या इमारतीच्या दर्शनी भागावर नाव चढवण्याचा दिवस उजाडला. 'अचूकता भवन' अशी माणसापेक्षा उंच लोखंडी अक्षरे होती. संध्याकाळी तेच बडे पाहुणे येणार होते. या खेपेला त्यांना जिन्याखाली बसवण्याचा प्रसंग येणार नाही, असे साहेबांनी त्यांना स्वतः कळवले होते.

दुपारी बाई रडारसमोर बसल्या आणि त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. डोंगरापलीकडून ढगांची एक अख्खी रांग येत होती. ही नदीपाशी घुटमळणाऱ्यांतली नव्हती. गच्चीवरचे यंत्र डोंगरापलीकडे पडणाऱ्या विजांची नोंद करत होते आणि ठिपक्यांमागून ठिपके शहराच्या बाजूला सरकत होते. बाई उठल्या आणि साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, अर्ध्या तासात शहरावर विजा. इशारा द्यायला हवा."

साहेबांनी खिडकीबाहेर नजर टाकली. "पण आपल्याकडे अजून एकही पडलेली दिसत नाही."

"पडायच्या आधी द्यायचा असतो ना!"

"बाई, तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं असं बोलावं? आधी काय, कोणीही सांगेल. हात बघणारासुद्धा आधी सांगतो. आपण शास्त्राची माणसं. आपण खात्री करून सांगतो."

बाईंना राहवले नाही. "साहेब, त्या क्रेनवर माझा भाऊ आहे."

साहेब ताडकन उठले. "धाकटा? अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" ते बाईंच्या शेजारी खिडकीशी येऊन उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी खरी होती. "तुम्ही अगदी निर्धास्त राहा. त्याच्यावर पडली रे पडली, की पुढच्या मिनिटाला इशारा. प्रभागाच्या माणसाची वाट बघायची नाही, कुणाची सही नाही. मी खास बाब म्हणून परवानगी देतो."

बाईंना हसावे की रडावे ते कळेना. साहेब मनापासून बोलत होते आणि बाईंना त्यांच्यावर नीट रागावताही येत नव्हते. त्या कक्षात परतल्या आणि त्यांनी धाकट्याला फोन लावला.

"ताई, लवकर बोल," धाकटा म्हणाला. "अ लोंबकळतोय."

"तो खाली ठेव आणि तूही खाली ये. विजा येतायत."

"मेसेज तर नाही आला?"

"मेसेज नाही येणार. मी सांगतेय ना!"

"अगं, मुकादमाला काय सांगू? बहिणीनं बोलावलंय म्हणून? मागे त्या क्रीडांगणाच्या वेळी तुझं ऐकून उतरलो, तर पोरं महिनाभर मला ताईचं सोनुलं म्हणत होती. मुकादम म्हणतो, ऑफिसचा मेसेज दाखव, नाहीतर काम चालू ठेव."

"म्हणू देत सोनुलं! तुला माझी शपथ आहे. काहीही सांग, पण उतर."

"बरं बाई, शपथा नको घालूस. पोट बिघडलंय म्हणून सांगतो."

मुकादमाने लगेच जाऊ दिले. आभाळ बिघडल्याची खात्री करून घ्यावी लागे. पोटाच्या बाबतीत माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची पद्धत होती. पाचेक मिनिटांत क्रेनच्या शिडीवर पिवळे शिरस्त्राण खाली सरकताना दिसू लागले आणि बाईंच्या जिवात जीव आला.

इथेच त्या थांबल्या असत्या तर बरे झाले असते. पण जिवात जीव आला की माणसाला इतरांचेही जीव दिसू लागतात. समोरच्या अर्धवट छतावर सळया बांधणारी माणसे होती. पलीकडच्या मैदानात आभाळ भरण्याआधी सुरू झालेला पोरांचा सामना अजून चालला होता. माझा भाऊ उतरतोय, आणि ह्यांचे काय? ह्यांना काय बहिणी नाहीत? बाईंना स्वतःची लाज वाटली. सेवेत लागल्यापासून त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. त्या संगणकापुढे बसल्या आणि त्यांनी इशाऱ्याची कळ दाबली.

"शहरात वीज पडल्याची खात्री झाली आहे का?" पडद्याने विचारले.

बाईंनी "होय" म्हटले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोटे बोलल्या, तेही यंत्राशी. यंत्रणेत मजकूर एकच शिल्लक होता, तोच गेला. साऱ्या शहराच्या फोनवर तो एकदम वाजला: आपल्या भागात वीज पडली आहे. कृपया सावध राहावे.

बाई खिडकीशी धावल्या. आता माणसे पळतील, आडोसा धरतील, असे त्यांना वाटले होते. लोक त्या संदेशाचा अर्थ काय लावायला शिकले आहेत, हे त्या घाईत विसरल्या. आणि शिकवले होते ते त्यांच्याच खात्याने.

आभाळ भरून आलेले पाहून जी माणसे आडोशाला गेली होती, ती बाहेर आली. सळयावाल्यांपैकी दोघे छपराखाली बसले होते, ते तंबाखू थुंकून कामाला लागले. समोरच्या गच्चीवर एक काकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन अवतरल्या. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि राखीव खेळाडूही मैदानात सोडले. आणि क्रेनच्या शिडीवर, अर्ध्या उंचीवर, पिवळे शिरस्त्राण थांबले. खिशातून काहीतरी काढून त्याने पाहिले. मग ते पुन्हा वर चढू लागले.

बाईंनी घाईघाईने फोन लावला, तो दोनदा चुकीच्या माणसाला लागला.

"ताई, आला बघ तुमचा मेसेज!" धाकटा धापा टाकत म्हणाला. "पडून गेली कुठंतरी. उगाच घाबरवलंस. आता पाहुणे यायच्या आत अ चढवून टाकतो."

"अरे थांब! पडलेली नाही! अजून पडायची आहे! तो मेसेज मी पाठवलाय!"

"तू पाठवलास, मग बरोबरच असणार की."

"खोटा आहे तो!" बाई ओरडल्या. "खोटा! मी खोटा पाठवलाय!"

मागे दारात साहेब उभे होते. त्यांच्या हातातला पाहुण्यांसाठीचा गुच्छ खाली गेला.

"काहीतरीच काय ताई," धाकटा शिडीवर थांबून हसला. "शंभर टक्के खरं सांगता म्हणून तर एवढी मोठी बिल्डिंग बांधतोय तुमची. तुमचा मेसेज कधी खोटा असतो का?"

त्याच वेळी वीज पडली.

ती क्रेनच्या टोकावर पडली. धाकटा बहिणीशी वाद घालण्यासाठी शिडीवरच थांबला होता, म्हणून काचेच्या खोलीत पोहोचला नव्हता. त्या खोलीचा कोळसा झाला. धाकटा फेकला जाऊन शिडीच्या मधल्या फळीवर आपटला आणि कमरेच्या पट्ट्याला लोंबकळत राहिला. त्याला खाली आणेपर्यंत बाई चिखलात हात पसरून उभ्या होत्या आणि कोणी कितीही सांगितले तरी हात खाली घेत नव्हत्या. त्याचा उजवा तळवा भाजला आणि डावा कान कायमचा गेला. त्याच विजेच्या झटक्याने आडव्या झालेल्या सळयावाल्यांपैकी एकजण मात्र उठलाच नाही. गच्चीवरच्या काकूंच्या अंगावर बादली उपडी झाली आणि त्या बचावल्या. आपण कशाने बचावलो हे त्या अजून सांगत असतात.

पुन्हा समिती बसली. तिने निष्कर्ष काढला, की बाईंनी इशारा पाठवला त्या क्षणी शहरात एकही वीज पडलेली नसल्याने तो इशारा खोटा होता. नंतर वीज पडली हे खरे. पण नंतर इशारा देण्यात आलेला नाही. केंद्राची अचूकता नव्व्याण्णव टक्क्यांवर आली. साहेबांना ते फार लागले. दोन दिवस ते जेवले नाहीत.

बाईंना समितीचे काही वाटले नाही. लागले ते दवाखान्यात. सळयावाल्याची आई खाटांच्या ओळीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत आली. ती भांडली नाही.

"बाई, माझा पोरगा छपराखाली बसला होता," ती म्हणाली. "मेसेज आला म्हणून उठला. तुम्ही काही पाठवलंच नसतं, तर बसूनच राहिला असता ना हो?"

ती खरे बोलत होती आणि तिला ते अर्धेच ठाऊक होते. तो मेसेज बाईंनी जाणूनबुजून खोटा पाठवला होता, हे उरलेले अर्धे सांगायला त्यांना तोंड नव्हते.

हा प्रश्न मग गावभर झाला. इशाऱ्यामुळे माणसे दगावतात, असा सूर निघाला. आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होते इशारे, असेही काहींनी विचारले. आजोबांच्या वेळी माणसे कशाने जात याची चौकशी कोणी केली नाही. केंद्राने जनतेच्या भावनांचा आदर राखून सर्वांच्या फोनवर विचारणा पाठवली: "विजेचे इशारे कायमचे बंद करावेत का? सात दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल."

विचारणेच्या शेवटच्या दिवशी बाई धाकट्याच्या खाटेशी बसल्या होत्या. त्यांनी आपले "नाही" पहिल्याच दिवशी पाठवले होते.

"काय रे, तू उत्तर पाठवलंस ना?" त्यांनी त्याच्या शाबूत कानाशी तोंड नेऊन विचारले.

"कसलं उत्तर?"

"अरे, इशारे बंद करायचे का म्हणून विचारलंय सगळ्यांना."

"असेल. मी ते केव्हाच बंद करून ठेवलंय, ताई," धाकटा डाव्या हाताने फोन चाळत म्हणाला. "सारखं वाजतं गं."

सात दिवस संपले. साऱ्या शहरातून एकच उत्तर आले होते, आणि एका मताने लोकमत ठरत नाही, असे साहेबांनी बाईंना समजावून सांगितले. इशारे बंद झाले. लोकांनी ते स्वेच्छेने बंद केले, अशी नोंद झाली, आणि नोंद शंभर टक्के बरोबर आहे. उद्या कोणी विचारलेच, की तुम्ही काय उत्तर दिले होते, तर आपण सगळे एका सुरात म्हणू, की आम्हाला असा काही मेसेज आलाच नव्हता. आला होता. आपण तो न वाचता अंगठ्याने बाजूला सारला, कारण त्या वेळी बाहेर छान ऊन पडले होते.